हातची राखलेली खूण

“आत एक बटण आहे,” बाई म्हणाल्या. “व्हायोलिनच्या पोटात. हलवलं की खडखडतं.”

खिडकीच्या आत नाना उभे होते. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. मी त्यांच्या मागे स्टुलावर बसलो होतो. बसस्थानकाच्या ‘हरवले-सापडले’ विभागासाठी मी केलेला प्रोग्राम सुरू होऊन दोन आठवडे झाले होते आणि मी ‘वापरणाऱ्यांचे अभिप्राय’ नावाचा कागद भरून घ्यायला आलो होतो. बाईंना वाटले, समोरच्याला आपले म्हणणे नीट कळलेले नाही.

“मुलगी तीन वर्षांची होती. तिच्या फ्रॉकचं निळं बटण तुटलं, ते तिनं वरच्या फटीतून आत टाकलं. काढता आलं असतं, पण राहिलं ते राहिलंच. बॅटरी धरून बघा, दिसेल तुम्हाला.”

“बाई,” नाना म्हणाले, “ते व्हायोलिन मंगळवारी गेलं.”

“गेलं म्हणजे?”

“एक गृहस्थ येऊन घेऊन गेले. त्यांनी पण हेच सांगितलं. निळं बटण.”

बाईंनी खिडकीची कड धरली. साठी उलटलेली सडपातळ बाई. डाव्या बाजूला हनुवटीखाली, वर्षानुवर्षे व्हायोलिन टेकवून पडतो तसा काळसर डाग. घरोघर जाऊन मुलांना शिकवत. अंगात ताप असताना शिकवणीला निघाल्या, उतरताना पेटी बसमध्ये राहिली, आणि मग आठ दिवस अंथरुणात. हे सगळे त्यांनी आधीच सांगितले होते.

“पण त्याला कसं कळलं?” त्यांनी विचारले.

प्रश्न नानांना होता आणि उत्तर माझ्याकडे होते. मी अभिप्रायाच्या कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला.

नाना एकतीस वर्षे त्या खिडकीत होते. खोली जिन्याखालची, त्यामुळे मागच्या बाजूला उंच माणसाला वाकूनच जावे लागे. तिथे छत्र्या, डबे, शाळेची दप्तरे, चष्मे, दोन कवळ्या आणि एक कुबडी होती. कुबडी विसरून तो माणूस चालत कसा गेला, हा नानांचा नव्या माणसाला विचारायचा ठरलेला प्रश्न. मलाही पहिल्या दिवशी विचारला होता. मी घड्याळाकडे बघून हसलो होतो.

एकतीस वर्षांत नानांनी एकही वस्तू चुकीच्या माणसाला दिली नव्हती. हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. पाणी भरणाऱ्यापासून चौकशी खिडकीपर्यंत बाकी सगळ्यांनी सांगितले. एखाद्याच्या नावापुढे पदवी लावतात तसे ते नानांच्या नावापुढे लावायचे.

आता आमचे शहाणपण सांगतो. प्रोग्राम करताना वापरणाऱ्यांना विचारात घ्यावे, असे आमच्या कंपनीच्या कागदांत ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. त्याप्रमाणे आम्ही तीन बैठका घेतल्या. तिन्ही दुसऱ्या मजल्यावर, साहेबांच्या थंडगार खोलीत. साहेब म्हणजे स्थानकाचे व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण त्यांनी आयुष्यात कुणाला छत्री परत दिलेली नव्हती. पहिल्या बैठकीत त्यांनी प्रोग्रामच्या पडद्याचा रंग बदलायला सांगितला. दुसऱ्या बैठकीत तो पुन्हा होता तसा करायला सांगितला. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा सगळा प्रकार.

तिसऱ्या बैठकीला नानांना बोलावले. खुर्च्या भरल्या होत्या म्हणून ते दाराजवळ उभे राहिले. मी पडद्यावर अर्ज दाखवला. सापडलेल्या वस्तूसाठी बावीस चौकटी होत्या. रंग, आकार, खुणा, ओरखडे, आतल्या वस्तू, आणखी काही विशेष. शिवाय फोटो.

“सगळं लिहायचं?” नानांनी विचारले.

“सगळं. जितकं बारीक तितकं चांगलं.”

“बरं.”

“काही अडचण, नाना?” साहेबांनी विचारले.

“नाही साहेब.”

एवढेच झाले. मी त्या रात्रीच्या अहवालात लिहिले : वापरणाऱ्यांशी सविस्तर चर्चा झाली, त्यांची संमती आहे. ‘सविस्तर’ हा शब्द टाइप करताना माझा हात जराही अडखळला नाही.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच नाही. नाना जे लिहितील ते फोटोसकट जसेच्या तसे इंटरनेटवर दिसणार होते. माणसाने घरबसल्या यादी बघावी आणि आपली वस्तू ओळखावी, ही माझी कल्पना. तिचे मला इतके कौतुक होते, की ती सगळ्यांना ठाऊकच असणार असे मी धरून चाललो.

बाई गेल्यावर नाना खाली बसले.

“त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता,” ते म्हणाले. “म्हटलं, बघा, माणसाला बटणसुद्धा आठवतंय. मी त्या गृहस्थाला चहा पाजला हो.”

त्या गृहस्थाने ओळखपत्राची प्रत दिली होती. त्या पत्त्यावर त्या नावाचे कुणी राहत नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना वर बोलावले. मी जिना चढत होतो तेवढ्यात आमच्या टीमप्रमुखांचा फोन आला. “काही लिहून देऊ नकोस. प्रोग्राम सांगितला तसाच चाललाय.” ते खरे होते. प्रोग्राम अगदी सांगितल्याप्रमाणे चालला होता.

“प्रणालीत दोष नाही,” साहेब म्हणाले. “वस्तू देताना खात्री करणं हे माणसाचं काम. नाना, लेखी खुलासा द्यावा लागेल.”

नानांनी माझ्याकडे बघितले. रागाने नाही. बैठकीत शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतात तसे, सहज. आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो. माझ्या कोऱ्या वहीत मी तारीख लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली. आजही ती वही हाताला लागली की मला स्वतःची लाज वाटते.

नानांनी तिथेच कागद मागून घेतला आणि लिहून दिले : व्हायोलिन मी दिले. चूक माझी आहे.

त्यानंतर मी कंपनीत दहा दिवसांची रजा टाकली आणि रोज सकाळी खिडकीमागच्या स्टुलावर जाऊन बसू लागलो. हे वरातीमागून घोडे, मला कळत होते. नानांनी पहिल्या दिवशी विचारले, “आता काय राहिलं?” मी म्हणालो, “बघायचं राहिलं.” त्यांनी स्टूल थोडे पुढे ओढून दिले, उजेडात.

तेव्हा मला त्यांचे काम पहिल्यांदा दिसले. एक गृहस्थ काळी छत्री मागायला आले. काळ्या छत्र्या तिथे नऊ होत्या.

“दांडा कसा?” नाना.

“वळलेला.”

“वळलेले चार आहेत. अजून?”

“एक काडी सुटली होती. बायकोनं दोऱ्यानं बांधून दिलीय.”

“दोरा?”

“पिवळा. दुसरा नव्हताच घरात.”

नानांनी छत्री आणून दिली. मी त्यांची जुनी नोंदवही उघडून बघितली. तिथे लिहिले होते : काळी छत्री, वळलेला दांडा. पिवळ्या दोऱ्याचा कुठे पत्ता नव्हता. मी पाने उलटत गेलो. कुठल्याच नोंदीत ती एक नेमकी गोष्ट नव्हती.

“एक खूण हातची राखायची,” नाना म्हणाले. “माझ्या आधी इथं एक म्हातारे होते, त्यांनी शिकवलं. वस्तू आली की नीट बघायची. एक खूण निवडायची आणि ती कागदावर येऊ द्यायची नाही. मग येऊ दे कोण यायचा तो.”

“आणि तुम्ही नसाल तेव्हा?”

“ताईला सांगतो की.”

ताई म्हणजे दुपारपाळीच्या कारकून. पाळी बदलताना हे दोघे मागच्या बाजूला जाऊन दहा मिनिटे कुजबुजायचे. माझ्या पहिल्या पाहणीत मी ती दहा मिनिटे ‘वाया जाणारा वेळ’ या रकान्यात टाकली होती. प्रोग्राम आल्यावर ती वाचतील, असे साहेबांना अभिमानाने सांगितलेही होते.

“नाना, मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?”

त्यांनी एका चष्म्याची काच पुसली. चष्मा लोकांचा होता.

“विचारलंत कुठं? अडचण आहे का विचारलंत. अडचण नव्हती. चांगला आहे की तुमचा प्रोग्राम, शोधायला सोपा. मी ‘सगळं लिहायचं?’ असं विचारलं, तुम्ही सगळं म्हणालात. मला वाटलं, शिकलेली माणसं, काय लपवायचं ते यंत्राला ठाऊक असेल.”

मी म्हणालो, “चूक माझी होती, नाना.”

“तुमची होतीच,” ते शांतपणे म्हणाले. “पण व्हायोलिन तुम्ही नाही दिलंत. ते मी उचलून त्याच्या हातात दिलं.”

एके दिवशी नाना डबा घरी विसरले, तेव्हा त्यांच्या पत्नी, काकू, तो घेऊन आल्या. खिडकीतून डबा आत सरकवत त्यांनी मला ऐकवले, “लोकांच्या कवळ्या सांभाळतात आणि घरी स्वतःचा चष्मा मी शोधून द्यायचा! आता डबाही विसरायला लागले.” मग नाना मागे गेलेले बघून आवाज खाली आणला. “जेवण जात नाहीये त्यांना. ताटावर बसतात आणि मध्येच विचारतात, त्या बाई आज शिकवायला कशा गेल्या असतील? मी काय सांगणार?”

त्या दहा दिवसांत मी साहेबांची सही घेऊन बावीस चौकटींच्या सहा केल्या. आयुष्यात इतके पुसायचे काम मी कधी केले नव्हते. फोटो काढून टाकला. सुरुवातीला मला वाटले होते, लपवलेली एक चौकट ठेवू, फक्त नाना आणि ताईंना दिसणारी, वर पासवर्ड. मी मोठ्या उत्साहाने ती दाखवली.

“लिहिलं की लिहिलंच ते,” नाना म्हणाले. “कुणीतरी वाचणारच. नाहीतर लिहायचं कशाला?”

ती चौकटही गेली. तिच्या जागी पडद्यावर एकच ओळ आली : एक खूण लिहू नका. ताई म्हणाल्या, ही ओळ तुम्ही आधी कुणाला विचारून लिहिली असतीत तर बरे झाले असते. त्यांचा स्वभाव तिखट आहे, पण त्यांचे बरोबर होते.

रजेच्या शेवटच्या दिवशी बाई पुन्हा आल्या. त्या दिसताच नाना उठून उभे राहिले. एरवी ते साहेबांसाठीही खुर्ची सोडत नसत, गुडघ्यांचे निमित्त सांगत. बाईंच्या हातात आमच्याच प्रोग्रामचा छापील कागद होता.

“पोलीस चौकीत तक्रार घेत नाहीत,” त्या म्हणाल्या. “त्यांनी इथून हा कागद मागवला. म्हणतात, रेकॉर्डप्रमाणे वाद्य मालकाला परत दिलंय. मग तक्रार कशाची? मी म्हटलं, मालक मी आहे. तर म्हणाले, तसं यात लिहिलेलं नाही.”

नानांनी कागद घेतला. वस्तू : व्हायोलिन. स्थिती : मालकास परत दिले. खाली त्या भामट्याचे खोटे नाव, मालक म्हणून.

“मी चाळीस वर्षं वाजवलंय ते,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. “ते मिळणार नाही, एवढं कळतं मला. एका विद्यार्थिनीनं तिचं जुनं दिलंय, भागतंय. पण माझं नव्हतंच, असं कसं हो लिहिता तुम्ही?”

नानांनी तो कागद माझ्यापुढे धरला. “हे बदला.”

“नाना, प्रोग्राममध्ये दोनच स्थिती आहेत. ‘सापडले’ आणि ‘मालकास परत दिले’. तिसरी नाही.”

“का नाही?”

का नाही? कारण तीन बैठकांमध्ये कुणाच्या डोक्यात तिसरी आली नव्हती. चुकेल असा प्रोग्राम आम्ही दाखवतच नाही.

“तिसरी घाला,” नाना म्हणाले. “‘चुकीच्या व्यक्तीस दिले’. आणि खाली खऱ्या मालकाचं नाव.”

“घालता येईल. पण बदलासाठी अर्ज लागतो, साहेबांची सही लागते. आणि एकदा घातली की ती कायमची. दर महिन्याच्या अहवालात तिचा आकडा येईल. वर्षाच्या अहवालातही. तुमच्या नावासकट, नाना.”

“माझ्याच नावावर येणार. दुसऱ्या कुणाच्या येणार?”

बदलाच्या अर्जात ‘मागणी कोणाची’ असा रकाना असतो. तोवरच्या सगळ्या अर्जांत तिथे साहेबांचे नाव होते. रंगाचे दोन्ही अर्ज धरून. नानांनी तिथे आपले नाव लिहिले, हुद्दा लिहिला आणि सही केली. सही करायला त्यांना वेळ लागला, कारण कागद गुडघ्यावर ठेवला होता. खिडकीची फळी बाईंना टेकायला मोकळी सोडली होती.

मी अर्ज घेऊन वर गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“असं कुठं असतं का? स्वतःची चूक मोजायला कुणी स्वतःहून रकाना मागतं?”

“नाना मागतायत.”

“अहो, इतकी वर्षं शून्य आहे त्यांच्या नावावर. खुलासा मी फायलीत दाबून ठेवला असता. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत त्यांची. त्यांना समजावा जरा.”

“साहेब, चूक अर्जातच होती. सगळं लिहायला मी सांगितलं आणि ते सगळ्या जगाला दिसेल, हे सांगितलं नाही. तसं मी लिहून आणलंय.” मी दुसरा कागद त्यांच्यापुढे ठेवला. टीमप्रमुखांचा फोन त्या आठवड्यात मी तीनदा उचलला नव्हता. चौथ्यांदा उचलला तेव्हा त्यांना काय ऐकावे लागले आणि मग मला काय ऐकावे लागले, ते इथे नको. पुढच्या प्रकल्पात मी नाही, एवढे खरे.

साहेबांनी माझा कागद वाचला आणि खणात टाकला. नानांचा अर्ज मात्र पुढे ओढला.

“सरळ माणसाबरोबर काम करणं फार अवघड,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

बदल करायला मला दीड तास लागला. नानांनी माउस हातात घेतला. तोवर ते कळफलकावर एका बोटाने काम करत. माउस त्यांना आवडत नसे, हातातून निसटतो म्हणत. यादीतून व्हायोलिन शोधले, तिसरी स्थिती निवडली, बाईंचे नाव एकेक अक्षर बघून टाइप केले. मग बाईंना विचारले, “हे बरोबर आहे ना?” आणि खिडकीतून बाईंना दिसेल असा पडदा वळवला.

बाईंनी चष्मा लावला. वाचायला त्यांना वेळ लागला. मला वाटले अक्षर बारीक आहे. मी मोठे करायला पुढे झालो, तर नानांनी हाताने मला थांबवले.

“म्हणजे ते माझं होतं,” बाई म्हणाल्या. “असं आता लिहिलंय.”

“हो.”

“बरं झालं.”

नानांनी छापील कागद काढून त्यावर शिक्का मारला. बाईंनी शाई वाळेपर्यंत तो हातात धरला आणि मग पिशवीत ठेवला. जाताना त्या नानांना म्हणाल्या, “तुम्ही जेवत जा हो वेळेवर. खराब दिसताय.” नानांनी मान हलवली.

चौकीत तक्रार लिहून घेतली. व्हायोलिन अजून सापडलेले नाही.

महिना संपला त्या दिवशी मी शेवटचे काही कागद द्यायला स्थानकावर गेलो होतो. खिडकी उघडायची वेळ झाली नव्हती. विभागाचा मासिक अहवाल फलाटावरच्या फळ्यावर लावायचा असतो आणि तो शिपाई लावतो. त्या दिवशी शिपायाने तो हातात घेतला आणि परत टेबलावर ठेवला. म्हणाला, “मला नका सांगू नाना, मी नाही लावणार.”

सापडलेल्या वस्तू दोनशे चौदा. मालकास परत दिलेल्या एकशे एकोणचाळीस. चुकीच्या व्यक्तीस दिलेल्या एक. खाली विभागाचे आणि नानांचे नाव.

नाना कागद घेऊन स्वतः फलाटावर गेले. सकाळची गर्दी होती. दोन ड्रायव्हर आणि चौकशी खिडकीतली मुलगी तिथेच उभी होती, ती बाजूला सरकली. नानांनी चारही कोपऱ्यांना टाचण्या मारल्या. कागद थोडा तिरका लागला होता. त्यांनी एक टाचणी काढली, तो सरळ केला, पुन्हा लावली आणि खिडकी उघडायला गेले.